पाणमांजरांचा रविवार

मंगळवार

मिळालं! मला घेतलं!

दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्याखाली उभी राहून फोन घेतला. पलीकडे पाणमांजरवाल्या बाई. मुलाखत झाली त्या दिवसापासून मी त्यांना मनात हेच नाव दिलंय. डोंगरातल्या ओढ्यांवर पाणमांजरं किती उरलीत, कुठे राहतात, याचा त्या गेली कित्येक वर्षं अभ्यास करतायत. म्हणाल्या, "एक वर्षाचं काम आहे. राहायला खोली मिळेल. रोज सकाळी ओढ्याकाठी चालायचं, खुणा शोधायच्या, दिसेल ते लिहायचं. सोमवारपर्यंत कळव." मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते "सांगते".

लगेच हो का म्हणाले नाही? बाबांमुळे.

बाबांना झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू कामाची राहिलेली नाही. दिवसभर शेजारच्या काकू असतात. संध्याकाळ ते सकाळ आम्ही दोघी, ताई आणि मी. उठवायला, धरून न्यायला, कूस बदलायला कुणीतरी लागतंच. त्यांना एकटं ठेवायचं नाही हा घरातला नियम, आणि तो कधी मोडलेला नाही. आई मी शाळेत असतानाच गेली. ताई तेव्हाच दुर्बिणींच्या कारखान्यात लागली आणि तिच्या जोरावर मी शिकले. घरातली पहिली पदवीधर! बाबांनी पदवीची चौकट दारासमोर लावून घेतली आहे. विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालाही थांबवतात. "वाच, वाच. प्राणिशास्त्र आहे, साधंसुधं नाही."

आणि ते प्राणिशास्त्र घेऊन मी त्याच कारखान्यात, शेवटच्या तपासणीला. आम्ही केलेल्या दुर्बिणींतून कुठल्या कुठल्या देशांतले लोक पक्षी बघतात. आम्ही बघतो भिंत. शेडच्या टोकाला पांढऱ्या भिंतीवर काळ्या रेघांचा तक्ता आहे. तो स्वच्छ दिसला की दुर्बीण पास.

मी गेले तर बाबांचं सगळं एकट्या ताईवर पडणार. ती "जा" म्हणेल याची मला खात्री आहे, म्हणूनच विचारायची लाज वाटते. तिला स्वतःसाठी काही हवं आहे असं मला कधी दिसलंच नाही. असते एकेकाची वृत्ती. परवा भांडी पुसताना मात्र मध्येच म्हणाली, "तू आता इथेच असशील ना गं? म्हणजे, कारखान्यातच?" माझ्या नोकरीची तिला भारी काळजी. मी म्हटलं, "बघू." फडकं वाळत घालायला गॅलरीत गेली ती बराच वेळ तिथेच उभी होती. दमते बिचारी.

बुधवार

युक्ती सुचली आहे. रविवारी ताईला घेऊन त्या डोंगरात जायचं. ती झाडी, तो ओढा तिने एकदा डोळ्यांनी बघितला, आणि नशिबाने एखादं पाणमांजर दिसलं, तर मला बाजू मांडावीच लागणार नाही. तीच म्हणेल.

हे तिच्यासाठी करतेय की माझ्यासाठी? निम्मं-निम्मं, असं लिहिणार होते. खरं लिहायचं तर माझ्यासाठी जास्त. पण तिलाही सुट्टी मिळेलच की.

मुकादमांकडे जाऊन नमुन्यांच्या कपाटातल्या दोन दुर्बिणी एका दिवसासाठी मागितल्या.

"पदवीधर बाई, लोक सुट्टीच्या दिवशी कारखान्याचं तोंड विसरायला बाहेर पडतात. तुम्ही कारखानाच गळ्यात अडकवून निघालात?"

"मुकादम, आपण बनवतो त्यातून एकदा तरी जिवंत काही बघायला नको का?"

"मी जन्मभर रेघा बघितल्या. माझं काही अडलं नाही. बायकोसुद्धा मला जरा तिरकी दिसली की सरळ करावीशी वाटते, एवढंच."

पण दिल्या. वर दम भरला की काचेला बोट लागलेलं दिसलं तर भिंतीवरची पदवी उतरवून कारखान्यात जमा करावी लागेल.

तेवढ्यात शिट्टी तिथे आला. हा आमच्या मालाचा ट्रक चालवतो आणि सदानकदा शिट्टी वाजवत असतो, म्हणून हे नाव. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याच्या भावाचं गॅरेज आहे. म्हणाला, "डोंगराकडे जाताय? रविवारी माझंही त्या बाजूला काम आहे. भावाची गाडी घेतो, तुम्हाला सोडतो."

"रविवारी कसलं काम?"

"आहे जरासं," म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

माणूस वाईट नाही, पण थोडा उद्धट आहे. सगळा कारखाना ताईला ताईच म्हणतो. तिच्या काकांच्या वयाचे मुकादमसुद्धा. हा एकटा म्हणत नाही. "अहो" करून सुरुवात करतो आणि तसाच पुढे रेटतो. पण गाडी आपणहून मिळतेय तर मानापमानाचं खूळ कशाला?

शुक्रवार

ताई आधी नाहीच म्हणाली.

"मी कशाला? मैत्रिणींना घेऊन जा ना."

"ताई, एकच दिवस."

"आणि बाबांचं?"

काकू डबा द्यायला आल्या होत्या, त्या दारातूनच ओरडल्या, "मी काय मेले का? रविवारी माझा मुलगा सासरी जातो. घरात बसून भिंतींशी बोलायचं ते तुझ्या बाबांशी बोलेन. दोन्ही सारखंच."

बाबांना शब्द हळूहळू जुळवावे लागतात, पण टोमणा मात्र अख्खा येतो. "जा दोघी. तुमची तीच तीच तोंडं बघून... मला कंटाळा आलाय."

तरी ताई कांदा चिरता चिरता मान हलवत राहिली. मग मी सांगितलं की गाडीचीही सोय झालीय, शिट्टी सोडणार आहे.

"तो कशाला?"

"त्याचं काम आहे म्हणे तिकडे."

"रविवारी?"

"मीही तेच विचारलं."

ताईने उरलेला कांदा चिरला. विळी धुतली. ओटा पुसला. मग पाठमोरीच म्हणाली, "किती वाजता निघायचंय?"

चिकाटी धरली की जमतं. हा माझा एकच गुण, पण उपयोगी आहे.

शनिवार

ताईने आज डोकं धुतलं. म्हटलं, उद्या डोंगरात धूळमाती खायची, आज कशाला? म्हणाली, उद्या वेळ मिळायचा नाही. कपाटातून तिने तो हिरवा स्वेटर काढला. मी समजावलं की प्राणी बघायला जाताना मळखाऊ रंग घालायचे असतात.

"हिरवा चालेल की. झाडं हिरवीच असतात."

"ताई, हा पोपटी आहे. अर्ध्या कोसावरून दिसेल."

"दिसू दे. त्यांनाही कळू दे कोण आलंय ते."

बाबा खो खो हसले. नंतर ती आत गेल्यावर मला म्हणाले, "आधी ही... अशीच बोलायची."

"आधी म्हणजे कधी?"

त्यांनी चांगला हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला. मी एवढी होते तेव्हा.

रविवार

परत येऊन आंघोळ केली, पण नखांतला चिखल अजून तसाच आहे. काढावासा वाटत नाही. काकू आणि बाबा बाहेर एकमेकांच्या आजारांची बरोबरी करतायत. ताई कपडे भिजवतेय. सगळं नीट लिहून काढते.

पहाटे निघालो. शिट्टीने गाडी इतकी धुतली होती की बसायला संकोच वाटला. डोंगराच्या पायथ्याशी उतरून त्याला म्हटलं, तुम्ही तुमचं काम करून या. तर म्हणाला, घाई नाही, होईल. आणि आमची पिशवी उचलून मागून यायला लागला. आता गाडी त्याची, हाकलणार कसं?

मी दोघांना नियम सांगितले. मोठ्याने बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, वाळक्या पानांवर पाय द्यायचा नाही. पन्नास पावलं गेलो नसू तोच याची शिट्टी सुरू. मी वळून बघितलं, तशी त्याने तोंडावर हात दाबला आणि ताईकडे बघून हसला. ताई म्हणाली, "इंजिनाला शिट्टी नाही वाजवायची म्हणजे शिक्षाच." पण त्यानंतर दिवसभरात त्याने ती एकदाही वाजवली नाही. कबूल करते, मला विश्वास नव्हता.

जंगल चढणीचं होतं. ऊन वरून गाळून येत होतं. सुतारपक्षी ठोकत होता, पण दिसत नव्हता. एका वळणावर हरणी उभी होती, कान आमच्याकडे, बाकी अंग पळायच्या तयारीत. मी ताईला दुर्बीण लावायला सांगितलं. तिने लावली आणि सवयीने डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. मग पुन्हा डावा.

"उजवी नळी किंचित वर आहे," ती कुजबुजली. "ही कुणी पास केली?"

"मी."

हरणी पळाली. आम्ही तिघंही तोंडं दाबून हसलो.

कारखान्यात ताई दुर्बिणीच्या दोन नळ्या जुळवते. त्यासाठी एकेका नळीतून, एकेक डोळा मिटून बघावं लागतं. इतकी वर्षं तिने तेच केलंय. आज मला कळलं की तिने दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी असं कधी बघितलेलंच नाही! म्हटलं, "ताई, दोन्ही उघडे ठेव." तिला जमेना, पापणी आपोआप खाली यायची. शेवटी मी तिच्या कपाळावर हात धरून ती वर ओढली. समोरच्या उतारावरची झाडं होती नुसती.

"अगं," ती म्हणाली, "ती सुटी झाली."

"काय?"

"झाडं. एकामागे एक उभी आहेत. मध्ये जागा आहे." आणि मग खूप वेळ बघत राहिली. मी मनात म्हटलं, झालं, आता ही 'जा' म्हणणार.

नंतर तिने दुर्बीण शिट्टीला दिली. त्याने डोळ्यांना लावली आणि दृश्य स्पष्ट करायच्या चाकाला बोटही न लावता म्हणाला, "वा! फार छान." त्याला सगळं धुरकटच दिसत असणार.

ओढ्याजवळ एक मोठं झाड आडवं पडलंय. पाणमांजरवाल्या बाईंनी मुलाखतीला आले तेव्हा मला ती जागा दाखवली होती. त्याच्या आड बसलो. उकडलेली अंडी, पाव आणि संत्री काढली. शिट्टीने एक संत्रं सोललं, त्याचे पांढरे धागे एकेक करून काढले आणि फोडी पानावर ताईच्या बाजूला ठेवल्या. ताईनेही न बघता हात नेऊन एकेक खाल्ली. दुपारच्या सुट्टीत सगळे वाटून खातात ना, ती सवय. मला मात्र त्याने संत्रं सालासकट दिलं.

मग वाट बघणं. पाणी, दगड, पाणी. ताई खोडाला टेकली आणि बघता बघता झोपली. तोंड थोडं उघडं पडलेलं. मला राग आला. एवढ्या लांब आणलं आणि ही झोपली! हलवायला हात पुढे केला, तर शिट्टीने तळहात दाखवून मला थांबवलं.

आणि तेवढ्यात ती आली.

आधी पाण्यावर नुसती रेघ उमटली, बाणासारखी. तिच्या टोकाला चपटं डोकं. मिश्यांवर थेंब. ती आई होती, कारण मागून आणखी दोन डोकी आली, लहान. आई मासा घेऊन दगडावर चढली. काटे मोडल्याचा आवाज इथपर्यंत येत होता, कुडूम कुडूम. एक पिल्लू सारखं घसरायचं, वर यायचं, पुन्हा मुद्दाम घसरायचं. दुसरं पाण्यात उतरायला भीत होतं. आईने त्याची मानगूट धरली आणि सरळ पाण्यात सोडलं. ते बुडालं. मी श्वास रोखला. मग ते असं काही वर आलं, जणू त्यानेच पोहणं शोधून काढलंय! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुस्तकात हे सगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. हे तसं नव्हतंच.

शिट्टीला दाखवायला वळले. तो ओढ्याकडे पाठ करून बसला होता! ऊन फिरून ताईच्या तोंडावर आलं होतं, म्हणून काठीला अडकवलेलं आपलं जाकीट हात लांब करून वर धरून बसला होता. मी ओठांनीच म्हटलं, पाणमांजरं! त्याने मान हलवली, हसला, पण वळला नाही. हात हलला असता तर ऊन पडलं असतं, हे ठीक आहे. पण नुसती मान तरी वळवायची! काही लोकांना प्राण्यांची आवडच नसते. बिचारा आमच्यामुळे अडकला.

पाणमांजरं गेल्यावर ताई जागी झाली. जाकीट बघितलं, ते धरणारा हात बघितला, आणि उठून नीट बसली.

"आली होती?"

"येऊन गेलीसुद्धा."

"मला उठवलं का नाहीस?"

मी शिट्टीकडे बघितलं. तो म्हणाला, "मीच नको म्हटलं. अहो, तुम्ही किती दमलेल्या दिसत होतात."

मी असते तर भांडले असते. ताई पायाखालच्या गवताकडे बघत म्हणाली, "असं कुणी झोपू दिलं नव्हतं मला." मला जरा चुटपुट लागली. घरी बाबांनी हाक मारली की आधी जाग तिलाच येते. कधीकधी मलाही जाग येते, पण ताई उठेल म्हणून मी पडून राहते.

मग मी सांगून टाकलं. काम, खोली, ओढा, सगळं. खूप बोलले. ताई ऐकत होती.

"एक वर्ष?"

"एक वर्ष. चांगलं केलं तर पुढेही वाढेल."

"कधी कळवायचंय?"

"उद्या."

तिने शिट्टीकडे बघितलं. तो बुटाच्या नाडीकडे बघत होता.

"मग कळव की," ताई म्हणाली. "जा."

"आणि बाबा?"

"मी आहे ना."

एवढंच! मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, थांब, तोंड धुऊन येते, आणि ओढ्यावर गेली. बराच वेळ धूत होती. शिट्टीही "गाडी बघून येतो" म्हणून उठला. मी एकटीच संत्र्याच्या सालींजवळ बसून राहिले. इतका आनंद झाला होता की कुणाला सांगू असं झालं आणि सांगायला कुणीच नव्हतं.

येताना गाडीत कुणी बोलेना. दमलो होतो सगळे. उतरताना मला आठवलं. "तुमचं काम राहिलंच की हो!"

"राहिलं," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी करा."

"बघू."

सोमवार

कळवलं. शनिवारी निघायचं.

बाबांनी चांगल्या हाताने माझा हात धरला. "जा. शिक. लिही." मग ताईकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण शब्द जुळेनात. ताई म्हणाली, "बाबा, राहू द्या." आज त्यांची जीभ जास्तच अडखळत होती.

ताईने तो हिरवा स्वेटर माझ्या बॅगेत भरला. "तिकडे थंडी असेल. मला इथे कुठे लागतोय?"

बुधवार, डोंगरातून

इथे येऊन दीड आठवडा झाला असेल. वेळच मिळाला नाही.

खोली लहान आहे. एक खाट, एक टेबल, खिडकीत ओढ्याचा आवाज. सकाळी उजाडता उजाडता निघते. बाईंच्या मागून चालताना आधी मला फक्त चिखल दिसायचा. आता चिखलात बोटं दिसतात, बोटांमधला पडदा उमटलेला दिसतो, ओला दगड आणि कोरडा दगड यातला फरक दिसतो. माशाचा एक खवला सापडला तर दोघी लहान मुलींसारख्या वाकून बघतो. बाई फार बोलत नाहीत. काल म्हणाल्या, "दिसायलाच हवं असा हट्ट धरू नकोस. इथून कुणी गेलं हे कळणं म्हणजेच बघणं."

मला इथेच राहायचं आहे. एक वर्ष नाही, कायम. इतकं आजवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

घराचीही आठवण येते. पहाटे पलीकडच्या खोलीत कुणी खोकलं की वाटतं ताई उठली.

रविवार

ताईचा फोन आला. ती फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. आज खूप बोलली. बाबा बरे आहेत. काकूंचा गुडघा धरलाय. मुकादमांना नातू झाला, तो त्यांना तिरका दिसत नाही म्हणतात.

"आणि ट्रकचे मार्ग बदलले. त्याने लांबचा मागून घेतला. महिना-महिना बाहेर."

"कुणी?"

"अगं, शिट्टीने."

"बरं."

मग पुन्हा बाबांचं औषध, नळाची गळती. मग म्हणाली, "शनिवारी निघतो म्हणे."

"कोण?"

"तोच गं. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला ट्रक उभा असायचा. आता तिथे मोकळंच दिसेल."

मी म्हटलं, दुसरा ड्रायव्हर येईल की. ती म्हणाली, हो, येईल. मग मला विचारलं, "तुला दिसलं का आज काही?" मी पिल्लांबद्दल सांगत सुटले. ती "छान" म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी ओढ्यावर गेले. काठावर रोजच्यासारखी वाकून बघत होते. कुठे गवत दबलंय, कुठे दगड ओला आहे. आणि वाकलेली असतानाच थांबले. नळ, औषध, गुडघा. मध्ये मध्ये तोच. ताई एवढं बोलली ती कशासाठी बोलली?

संत्र्याचे धागे. जाकीट. तिच्याशी बोलताना ताई म्हणायचं टाळणं, त्याला मी उद्धटपणा म्हटलं. तो स्वेटर. कांदा चिरून संपेपर्यंत न विचारलेला प्रश्न. तू आता इथेच असशील ना गं?

ती माझं शिक्षण संपायची वाट बघत होती. आणि मग त्या दिवशी, त्याच्यासमोर, मी तिला माझं ऐकवलं.

मी पाणमांजरं बघत होते.

सोमवार

काल पुढे लिहवलं नाही. आज खरं ते लिहिते.

मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. ती बोलली का नाही? तोंड होतं की. मी काही अंतर्ज्ञानी नाही. आणि "जा" तिनेच म्हटलंय, मी जबरदस्ती केली नाही. दिवसभर स्वतःशी हे भांडण केलं. मी मोठ्या मनाची नाही, हे कळलं. मला इथून जायचं नाही. उद्या सकाळी ते भित्रं पिल्लू खोल डोहाकडे जातं का, हे मलाच बघायचंय, दुसऱ्या कुणी बघितलेलं मला चालणार नाही.

आणि तरी पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांसमोर येतं. ओढ्याकाठी पाठमोरी बसून तोंड धुणारी ताई. एवढा वेळ कुणी तोंड धुतं का?

गुरुवार

बाईंना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"जागा राखून ठेवता येणार नाही गं मला. यादीत तुझ्यामागे आणखी मुली आहेत."

"माहीत आहे."

"बहीण बोलावतेय?"

"नाही. ती कधीच बोलावणार नाही."

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, उद्या सकाळी मात्र चल, गाडी दुपारची आहे. आणि मला हुंदका आला तो त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी घरी फोन लावला. ताईनेच उचलला.

"ताई, तो अजून गेला नाही ना?"

"कोण?"

"ताई."

ती अगदी हळू म्हणाली, "नाही. परवा जातोय. खाली गाडीला तेलपाणी करतोय."

"त्याला थांबव."

"मी कोण थांबवणारी?"

"जाऊन एवढंच सांग त्याला, की धाकटी घरी येतेय. कायमची. उद्या."

"वेड लागलंय का तुला?" तिचा आवाज चढला. मला बरं वाटलं. "एवढं शिकवलं ते काय परत येऊन भिंत बघायला? मी सांगितलं होतं का तुला काही? मी बोलले होते?"

"नाही बोललीस. मलाच दिसायला हवं होतं."

"आणि तुझी पाणमांजरं?"

मी फोन खिडकीकडे धरला. खिडकीबाहेर ओढा वाजत होता, तो तिलाही ऐकू जात असेल. आम्ही दोघी तो ऐकत राहिलो. तिने फोन ठेवला नाही. मागून बाबा विचारत होते, कोण आहे? कोण आहे गं?

मग तिचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, लांबून.

"बाबा, थोडा वेळ एकटे बसाल का? मी जरा खाली जाऊन येते."

बाबांना शब्द जुळवायला वेळ लागतो. या वेळी लागला नाही. "पळ," ते म्हणाले.

फोन तसाच चालू राहिला होता. मला दाराची कडी ऐकू आली, आणि मग जिना उतरणारी पावलं, आधी एकेक पायरी, आणि मग दोन-दोन.